उरीयाचें नांव : ब्रिगम यंग याच्या कीर्तीविषयींचा वाद

वाचावयाचा शास्त्रभाग : २ शमुवेल, अध्याय ११ व १२; मत्तय, अध्याय १, वचनें १ ते ६; प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १७, वचन २६.

गेल्या पावसाळ्यांत उपदेशकांचा वर्ग भरला असतां एका तरुण बंधूनें आम्हांस एक प्रश्न केला. त्याच्या खेड्यांतील मंडळी ज्या वडील गृहस्थानें जमविली, ज्यानें प्रार्थनामंदिरासाठीं स्वतःची जागा दिली व दुष्काळांत पुष्कळ घरांस धान्य पुरविलें, त्याच गृहस्थानें पुढें दुसऱ्या जातींतून बाप्तिस्मा घेऊन आलेल्या कुटुंबांस वीस वर्षें दाराशीं बसविलें. आतां तो प्रभूकडे गेला आहे. त्याची तसबीर मंदिरांत लावावी असें कांहींचें म्हणणें. दाराशीं बसलेल्यांचीं मुलें म्हणतात कीं, ती तसबीर लागली तर आम्ही आंत पाऊल टाकणार नाहीं. "पाळकसाहेब, यांत खरें कोणाचें?" असें त्यानें विचारलें.

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं, आणि त्या खेड्याचा निवाडा येथेंहि देत नाहीं. तो त्या मंडळीनें एकत्र बसून करावयाचा आहे. परंतु अशाच एका पुढाऱ्याविषयीं अमेरिकेंत दीडशें वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. त्या वादांत दोन्ही बाजूंकडून जें बोलण्यांत आलें तें लक्ष देऊन पाहिल्यास आपल्यासारख्यांस पुष्कळ शिकतां येईल असें वाटून हा पाठ लिहिला आहे.

तो पुढारी म्हणजे ब्रिगम यंग, मॉर्मन पंथाचा दुसरा अध्यक्ष. या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ नांवाच्या तरुणानें इ. स. १८३० त न्यूयॉर्क संस्थानांत केली. देवदूतानें दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण एक नवें पुस्तक भाषांतरिलें, असें त्याचें म्हणणें होतें. तें पुस्तक आम्ही शास्त्र मानीत नाहीं हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याविषयींचा वाद आज हातीं घेत नाहीं. आपल्या इकडेहि हा पंथ अगदींच अपरिचित नव्हता. इ. स. १८५२ त ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा एक उपदेशक मुंबईस उतरला व पुण्यासहि जाऊन राहिला. परंतु त्यानें जमविलेली मंडळी लहान होती व थोड्याच वर्षांत ती विखुरली.

यंग याचा जन्म ता. १ जून १८०१ रोजीं व्हर्मांट संस्थानांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. शाळेचें शिक्षण त्यास जवळजवळ मिळालेंच नाहीं. सुतारकाम व रंगकाम करून तो पोट भरीत असे. इ. स. १८३२ त तो या पंथांत शिरला व तीनच वर्षांनीं त्यांच्या बारा प्रेषितांपैकीं एक झाला. त्या काळीं या लोकांचा फार छळ होत असे. ता. २७ ऑक्टोबर १८३८ रोजीं मिसूरी संस्थानाच्या गव्हर्नरानें लेखी हुकूम काढला कीं, या लोकांस संस्थानाबाहेर हांकलावें, अथवा त्यांचा नायनाट करावा. त्यानंतर तीनच दिवसांनीं हॉन याच्या गिरणीपाशीं जमावानें त्यांचे सतरा पुरुष व मुलगे मारिले. ता. २७ जून १८४४ रोजीं इलिनॉय संस्थानांतील कार्थेज येथील तुरुंगांत जमावानें शिरून खुद्द स्मिथ यास व त्याच्या भावास गोळ्या घातल्या. हा छळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें जें घडलें तें त्यावांचून समजणार नाहीं, व तेवढ्यानें त्याचें समर्थनहि होणार नाहीं.

मेंढपाळ मारला गेल्यावर कळप विखुरला नाहीं याचें कारण यंग. इ. स. १८४६ च्या फेब्रुवारींत बर्फ पडत असतां त्यानें आपल्या लोकांस गाड्यांतून बाहेर काढिलें, व पुढच्या वर्षीं हजार मैलांचें रान ओलांडून सॉल्ट लेक, म्हणजे खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यांत त्यांस आणिलें. तो स्वतः तापानें आजारी असल्यामुळें ता. २४ जुलै १८४७ रोजीं गाडींत निजूनच तेथें पोहोंचला. आदल्या दिवशीं पुढें गेलेल्या मंडळींनीं ओढ्यास बांध घालून पाणी वळविलें होतें, कारण जमीन इतकी कठीण होती कीं, भिजविल्याशिवाय नांगर आंत शिरेना. पाणी व रान कोणा एकाच्या मालकीचें असूं नये, सर्वांस वांटून मिळावें, असा नियम यंग यानें आरंभींच घालून दिला. ज्यांस पाटाच्या पाळीवरून होणारीं भांडणें ठाऊक आहेत त्यांस या नियमाची किंमत सांगावयास नको. त्याच्या हयातींत साडेतीनशेंच्या आसपास वसाहती उभ्या राहिल्या. मात्र तें खोरें ओसाड नव्हतें. यूट व शोशोनी लोक तेथें आधींपासून राहत होते, व इ. स. १८५० त यूट लोकांच्या एका टोळीवर जी मोहीम झाली तिला यंग याची मंजुरी होती व तींत पुष्कळ जीव गेले.

त्याच्या चांगल्या कामांपैकीं एक विशेष सांगितलें पाहिजे. युरोपांतून येणाऱ्या गरीब लोकांस बैलगाड्यांचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनीं हातगाड्या ओढीत यावें अशी युक्ति यंग यानेंच काढिली होती. इ. स. १८५६ त दोन तांडे उशिरां निघाले व वाटेंत बर्फांत सांपडले. ता. ५ ऑक्टोबर रोजीं सभा भरली असतां त्यानें ठरलेला विषय बाजूला ठेविला. जे लोक रानांत अडकले आहेत त्यांस आधीं घेऊन या. नाहीं तर तुमचा सारा धर्म तुम्हांस तारणार नाहीं, अशा अर्थाचें तो बोलला. गाड्या, खेंचरें, पीठ, पांघरुणें हीं सभेंतूनच मागितलीं, व दोन दिवसांत पहिल्या गाड्या निघाल्या. तरीहि दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. ती युक्ति व ती घाई यांचा दोष कोणाचा यावरहि वाद आहे. परंतु संकटाची बातमी कळतांच त्यानें काय केलें यावर वाद नाहीं.

त्याच्या पन्नासाहून अधिक बायकांची गोष्ट लोक मिटक्या मारीत सांगतात. आम्हांस त्यांत रस नाहीं. तें शिक्षण चुकीचें होतें असें आम्ही मानितों, व इ. स. १८९० त त्यांच्याच चौथ्या अध्यक्षानें नव्या बहुपत्नीविवाहांस बंदी केली, एवढें सांगून पुढें जातों. खरा वाद दोन गोष्टींविषयीं आहे.

पहिली गोष्ट इ. स. १८५७ ची. त्या उन्हाळ्यांत संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षानें यूटा प्रांतावर फौज पाठविली. यंग तेव्हां पंथाचा अध्यक्ष होता आणि प्रांताचा गव्हर्नरहि होता. पुन्हां मिसूरीसारखा प्रसंग येणार अशी धास्ती सर्वत्र पसरली. त्याच्या आदल्या वर्षापासून यंग व दुसरे उपदेशक व्यासपीठावरून फार उग्र बोलत होते. कांहीं पापें अशीं आहेत कीं त्यांसाठीं पाप्यानें स्वतःचेंच रक्त सांडिलें पाहिजे, असेंहि यंग यानें शिकविलें. ख्रिस्ताच्या रक्तानें जें पुरें झालें त्यास अशी पुरवणी जोडणें किती भयंकर, हें सांगण्याची गरज नाहीं. ऑगस्टांत त्याचा एक सहकारी दक्षिणेकडील गांवांतून अशींच युद्धाचीं भाषणें करीत फिरला.

अशा वेळीं अर्कान्सा संस्थानांतून कॅलिफोर्नियास जाणारा एक तांडा त्या वाटेनें आला. बायकामुलें, गुरें, सारा संसार त्यांच्याबरोबर होता. ता. ७ सप्टेंबर रोजीं माउंटन मेडोज नांवाच्या डोंगरांतील कुरणांत त्यांच्यावर हल्ला झाला. हल्ल्यांत पायूट लोक होते, पण त्यांस उठविणारे व त्यांच्यांत मिसळलेले मॉर्मन होते. तांड्यानें गाड्यांचें कडें करून पांच दिवस तग धरिला. ता. ११ रोजीं जॉन डी. ली हा पांढरें निशाण घेऊन आला. शस्त्रें खालीं ठेवा म्हणजे आम्ही तुम्हांस सुखरूप नेऊं, असें वचन त्यानें दिलें. त्या लोकांनीं विश्वास ठेविला. प्रत्येक पुरुषाच्या बाजूस एकेक हत्यारबंद मॉर्मन शिपाई चालूं लागला. कांहीं अंतर गेल्यावर इशारा झाला, व सोबत चालणाऱ्यांनींच त्यांस ठार केलें. बायका व मोठीं मुलें यांसहि सोडिलें नाहीं. सुमारें १२० जीव गेले. सांगतां येणार नाहीं इतकीं लहान म्हणून सतरा मुलें जिवंत ठेविलीं, तीं इ. स. १८५९ त सरकारनें आपल्या नातलगांकडे परत पोहोंचविलीं.

यांत यंग याचा दोष किती? त्याच्या बाजूनें बोलणारे एक पत्र पुढें ठेवितात. हल्ला झाला त्याच दिवशीं सीडर सिटी येथील पुढाऱ्यांनीं जेम्स हॅस्लम नांवाचा घोडेस्वार यंग याचा सल्ला विचारण्यास पाठविला. सुमारें अडीचशें मैल दौड करून तो ता. १० रोजीं पोहोंचला. त्याच दिवशीं यंग यानें उत्तर लिहिलें कीं, तांड्याच्या वाटेस जाऊं नका. मूळ रहिवासी आपल्या मनास येईल तें करतील, परंतु तुम्हीं त्या लोकांस शांतीनें जाऊं द्यावें. हॅस्लम परत पोहोंचला तो ता. १३ रोजीं. तोंवर दोन दिवस होऊन गेले होते. मूळ पत्र हरवलें. त्याची नक्कल यंग याच्या पत्रांच्या वहींत सांपडते. हत्येचा हुकूम यंग यानें दिला नाहीं, याला एवढा पुरावा पुरे असें हे लोक म्हणतात.

दुसऱ्या बाजूचे लोक त्याच पत्रांतील मधलें वाक्य दाखवितात. मूळ रहिवासी मनास येईल तें करतील, हें बोलणें कसलें? शिवाय यंग याच्या दुभाष्याच्या रोजनिशींत नमूद आहे कीं, ता. १ सप्टेंबर रोजीं त्यानें कांहीं टोळ्यांच्या मुख्यांस दक्षिणेच्या वाटेवरील गुरें घेण्याची मोकळीक दिली. आणि हत्येनंतर काय झालें? इ. स. १८५८ च्या आरंभीं वॉशिंग्टनास पाठविलेल्या अहवालांत यंग यानें सारा दोष मूळ रहिवाशांवर ठेविला. इ. स. १८५९ त सरकारी शिपायांनीं त्या कुरणांत विखुरलेल्या अस्थि गोळा करून पुरिल्या व वर दगडांची रास रचून क्रूस उभारिला. सूड घेणें हें प्रभूचें काम, या अर्थाचें वचन त्यावर लिहिलें होतें. इ. स. १८६१ त यंग तेथें गेला. त्याच्याबरोबर असलेल्या विलफर्ड वुड्रफ यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे कीं, तें वचन पाहून, प्रभूनें थोडा सूड घेतला खरा, अशा अर्थाचे शब्द यंग बोलला. ती रास पुढें राहिली नाहीं. खटले तर सतरा अठरा वर्षांनीं उभे राहिले, आणि शिक्षा एकट्या ली यास झाली. ता. २३ मार्च १८७७ रोजीं त्यास त्याच कुरणांत नेऊन, शवपेटीवर बसवून गोळ्या घातल्या. ली हा यंग याचा मानलेला मुलगा होता. पांच महिन्यांनीं, ता. २९ ऑगस्ट रोजीं, यंग आपल्या घरीं बिछान्यांत मरण पावला.

दावीदानेंहि एक पत्र लिहिलें होतें. तें मारावयाच्या माणसाच्याच हातीं दिलें होतें व वेळेवर पोहोंचलें. दोन्हीं पत्रें सारखीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. यंग यानें हत्येची आज्ञा दिली असें पुराव्यावरून आम्हांस वाटत नाहीं. परंतु हॅस्लम याचा घोडा दोन दिवस उशिरां आला एवढ्यावर हिशेब संपत नाहीं. दोन वर्षें व्यासपीठावरून जे शब्द निघाले ते मात्र वेळेवर पोहोंचले होते. सीडर सिटीच्या माणसांनीं पत्राची वाट पाहिली नाहीं, कारण आपल्या पुढाऱ्याच्या मनांत काय आहे तें आपणांस ठाऊक आहे असें त्यांस वाटत होतें. बोलण्याच्या भरांत आपण काय बोललों तें आम्ही पाळक लोक सोमवारीं विसरतों. ऐकणारे विसरत नाहींत.

या गोष्टीस तोंड फोडिलें तें बाहेरच्यांनीं नव्हे, तर त्याच पंथांतील एका बाईनें. तिचें नांव जुआनिटा ब्रुक्स. ती नेवाडा संस्थानांतील एका लहान गांवीं शिक्षिका असतां नेफी जॉन्सन नांवाच्या वृद्धानें, मला कांहीं सांगावयाचें आहे, तें तूं लिहून घे, अशी विनंति केली. ती विनंति तिच्याकडून लांबणीवर पडली. इ. स. १९१९ त ती त्याच्याकडे गेली तेव्हां तो मरणाच्या पंथास लागला होता, व वातांत "रक्त, रक्त" म्हणून ओरडत होता. तो त्या कुरणांत होता हें तिला मागाहून कळलें. पुढें तिनें वर्षानुवर्षें कागदपत्र शोधिले, घरकाम संभाळून रात्रीं लिहिलें, व इ. स. १९५० त त्या हत्येचा इतिहास छापून प्रसिद्ध केला. यंग यानें हुकूम दिला नाहीं, पण उग्र भाषणांनीं ती वेळ आणिली, व घडल्यावर अपराध झांकण्यास हातभार लाविला, असा तिचा निर्णय होता. तिच्या मंडळींतील पुष्कळांनीं तिच्याशीं बोलणें तोडिलें. तिनें मंडळी सोडिली नाहीं. तिच्यानंतर इ. स. २००२ त विल बॅगली यानें दोष सरळ यंग याच्यावर ठेविला, इ. स. २००८ त मॉर्मन इतिहासकारांनीं तो स्थानिक पुढाऱ्यांवर ठेविला. आमचें मत या बाईच्या मताशीं जुळतें. इ. स. २००७ त, दीडशें वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, त्या मंडळीच्या एका वरिष्ठ पुढाऱ्यानें त्याच कुरणांत उभें राहून खेद व्यक्त केला, व ज्यांच्यावर इतकीं वर्षें सारा दोष ढकलला गेला त्या पायूट लोकांचाहि त्यांत उल्लेख केला.

दुसरी गोष्ट रक्तपाताची नाहीं, पण आपल्या वाचकांच्या काळजास ती अधिक लागेल. जोसेफ स्मिथ याच्या काळीं एलायजा एबल नांवाच्या काळ्या मनुष्यास इ. स. १८३६ त वडीलपणाची दीक्षा मिळाली होती. मॅसाच्युसेट्समधील लोवेल गांवीं वॉकर लुईस नांवाचा दुसरा एक काळा वडील होता. इ. स. १८४७ च्या मार्चांत यंग यानें स्वतः त्याची, उत्तम वडिलांपैकीं एक, म्हणून वाखाणणी केली, आणि देवानें सर्व मनुष्यें एकाच रक्तापासून केलीं असेंहि तो त्या बैठकींत बोलला. तेंच हें प्रेषितांच्या कृत्यांतील वचन. मग पांच वर्षांत काय झालें? इ. स. १८५२ त प्रांताच्या कायदेमंडळापुढें गुलामगिरीस मान्यता देणारा कायदा आला, तेव्हां यंग यानें जाहीर केलें कीं, काळे लोक काईनाचे वंशज आहेत व शापामुळें त्यांस याजकपद मिळूं शकत नाहीं. त्यांच्या पंथांत प्रत्येक योग्य पुरुषास याजकपद मिळतें. त्यामुळें हें दार बंद होणें म्हणजे अंगणांतच राहणें. त्या कायद्यास ऑर्सन प्रॅट नांवाच्या एका प्रेषितानें उघड विरोध केला. त्याचें कोणीं ऐकलें नाहीं.

येथें शास्त्र नीट वाचावें. काईनावर जी खूण केली ती त्यास कोणीं मारूं नये म्हणून केली. तींत रंगाचें नांव नाहीं. नोहानें शाप दिला तो कनानास, आणि तो नोहाच्या तोंडचा होता, देवाच्या तोंडचा नव्हे. मोशेनें कूशी बायको केली म्हणून मिर्याम बडबडली, तेव्हां कोड फुटलें तें मिर्यामेस. आणि ज्या कूशी षंढास फिलिप्पानें वाटेवरच्या पाण्यांत बाप्तिस्मा दिला त्यास त्यानें कुळ विचारिलें नाहीं. जन्मावरून मनुष्य देवाच्या घरांत कोठें बसेल हें ठरविणारा धर्म आपल्या आजोबांस चांगला परिचित होता. तो निराळ्या देशांत निराळ्या वचनांचा आधार घेऊन आला तरी त्याची चाल ओळखूं येते.

त्या बंद दाराशीं जीं माणसें उभीं राहिलीं त्यांपैकीं एक जेन मॅनिंग जेम्स. ती कनेक्टिकटमधील स्वतंत्र काळी बाई. आपल्या घरच्यांबरोबर शेंकडों मैल पायीं चालून, पायांतून रक्त येईपर्यंत चालून, ती इ. स. १८४३ त आपल्या मंडळीच्या गांवीं आली, व इ. स. १८४७ त सॉल्ट लेकास पोहोंचली. म्हातारपणीं तिनें पुढाऱ्यांकडे अनेक वेळां अर्ज केले कीं, मंदिरांतील विधि मलाहि मिळावे. ज्या आशीर्वादानें पृथ्वीवरील सर्व कुळें आशीर्वादित होणार त्यांत माझा भाग नाहीं काय? उत्तर नाहीं असेंच आलें. इ. स. १८९४ त त्यांनीं एवढें केलें कीं, अनंतकाळासाठीं जोसेफ स्मिथ याच्या घराण्याची दासी म्हणून तिचें नांव जोडिलें. आणि त्या विधीसहि तिला आंत न घेतां तिच्या ठिकाणीं दुसरी गोरी बाई उभी केली. इ. स. १९०८ त ती विश्वासांतच मरण पावली, व अंत्यविधीस त्या पंथाचा अध्यक्ष येऊन तिच्याविषयीं चांगलें बोलला.

यंग मेला तरी त्याचा शब्द मेला नाहीं. नंतरच्या पुढाऱ्यांस तो मोडवेना, कारण तो यंग याचा होता. पुढें तर हा नियम स्मिथ याच्यापासूनच चालत आला असें लोक सांगूं लागले, व एबल यास मिळालेल्या दीक्षेची आठवण मागें पडली. इ. स. १९७५ त ब्राझील देशांत साओ पाउलो येथें मंदिर बांधण्याचें ठरलें, तेव्हां मिश्र रक्ताच्या कित्येक सभासदांनीं आपण आंत जाऊं शकणार नाहीं हें जाणूनहि त्यासाठीं पैसे दिले. शेवटीं इ. स. १९७८ च्या जूनांत अध्यक्ष किंबल यानें तो निर्बंध उठविला. मध्यंतरीं १२६ वर्षें गेलीं. आणि काईनाच्या शापाची शिकवण त्या मंडळीनें स्पष्ट शब्दांत टाकून दिली ती इ. स. २०१३ त.

आतां यंग याचे चाहते म्हणतात, तो आपल्या काळाचें लेंकरूं होता. त्या काळीं सारेच तसें बोलत. यांत अर्धें खरें आहे, व तें अर्धें आपल्या घरासहि लागू पडतें. ज्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी इ. स. १८१३ त मुंबईस आले, त्याच बोर्डानें इ. स. १८४५ त, चोक्टॉ व चेरोकी लोकांतील आपल्या मंडळ्यांतून गुलाम बाळगणाऱ्यांस वगळावें, असा नियम करण्याचें नाकारिलें. त्यामुळें कित्येकांनीं वेगळे होऊन पुढच्या वर्षीं दुसरी मिशनरी संस्था काढिली. तेव्हां दगड उचलतांना हात जरा थांबावा. परंतु "सारेच तसें बोलत" हें मात्र खरें नाहीं. प्रॅट तसें बोलला नाहीं. वेगळे झालेले ते लोक तसें बोलले नाहींत. आणि इ. स. १८४७ चा यंगहि तसें बोलला नव्हता. काळाचें निमित्त सांगणारे बहुधा त्या काळच्या एकाच बाजूच्या लोकांस मोजतात. एबल व जेन हीं दोघें त्याच काळांतलीं नव्हतीं काय?

दुसरे कित्येक तराजू आणितात. एका पारड्यांत पाट, वसाहती, हातगाड्यांची सुटका; दुसऱ्यांत कुरण व बंद दार; मग कोणतें जड तें पाहावयाचें. हा तराजू आम्हांस पटत नाहीं. कांठेवाडीनें कांदे मोजावे तसें हें मोजणें आहे. पाटाचें पाणी ज्यांनीं प्यालें ते वेगळे, आणि कुरणांत जे पडले ते वेगळे. एकास दिलेल्या पाण्यानें दुसऱ्याचें रक्त कसें फिटावें? उरीयानें दावीदाच्या विजयांतून काय घेतलें?

मत्तयाची वंशावळ वाचावी म्हणून वर लिहिलें तें यासाठींच. प्रभूचें कुळ सांगतांना दावीदाचें नांव काढून टाकिलेलें नाहीं. तो राजाच आहे. पण शलमोनाच्या आईचें नांव येतें तेथें सुवार्तिक तिला बथशेबा म्हणत नाहीं. उरीयाची बायको म्हणतो. हजार वर्षें होऊन गेलीं, दावीदाचे गुण गाऊन झाले, तरी मेलेल्या हित्ती शिपायाचें नांव राजाच्या नांवापाशींच उभें आहे. आणि हें त्याच्या शत्रूंनीं लिहिलें नाहीं. त्याच्याच लोकांनीं जपून ठेविलें.

सॉल्ट लेक शहरांत यंग याचा मोठा पुतळा आहे. त्याखालीं इ. स. १८४७ त प्रथम आलेल्यांचीं नांवें कोरलीं आहेत. त्यांत ग्रीन फ्लेक, हार्क ले व ऑस्कर क्रॉसबी हीं तीन नांवें निराळीं काढून त्यांस काळे नोकर असें म्हटलें आहे. ते नोकर नव्हते, गुलाम होते. पुतळा काढावा असें म्हणणारे आहेत, ठेवावा असें म्हणणारे पुष्कळ आहेत. इ. स. २०२२ त तिसरें कांहीं घडलें : ज्या ठिकाणीं यंग यानें खोरें प्रथम पाहिलें असें मानितात तेथें या तिघांचें व जेन मॅनिंग जेम्स हिचें स्मारक उभें राहिलें. पुतळा जेथल्या तेथें आहे.

त्या तरुण बंधूस आम्हीं मागाहून पत्र लिहून एवढेंच विचारलें आहे कीं, त्या वीस वर्षांत दाराशीं कोण कोण बसत होतें त्यांचीं नांवें मंडळीच्या वहींत लिहिलेलीं आहेत काय? तसबिरीचें त्यानंतर पाहावें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

पुढील आठवड्याच्या वर्गासाठीं २ शमुवेल, अध्याय २१, वचनें १ ते १४ वाचून यावें. रिस्पा नांवाची बाई खडकावर तरट पसरून, कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत, मेलेल्यांच्या देहांवर दिवसां पक्षी व रात्रीं श्वापदें बसूं देईना, ती ही गोष्ट आहे. दावीदास तें कळल्यावर त्यानें काय केलें, व तें करण्यास त्यास इतका काळ कां लागला, या दोन प्रश्नांवर प्रत्येक उपदेशकानें आपलें उत्तर लिहून आणावें.